खेळ विकला की भाड्याने दिला?

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या महाराष्ट्र मंडळात 'हरवलेले बालपण' या विषयावर एका ज्येष्ठ वक्त्यांचे व्याख्यान झाले. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, आट्यापाट्या ही नावे त्यांनी एकामागून एक अशा आर्त स्वरात घेतली, की सभागृहातील अर्धी माणसे डोळे टिपू लागली. शेवटी त्यांनी आरोपीचे नाव सांगितले: पडदा. प्रथम टीव्हीचा, मग व्हिडिओ गेमचा, आता मोबाइलचा. या पडद्याने मुलांचे बालपण गिळले, असा त्यांचा निकाल होता. आणि टाळ्यांच्या कडकडाटात तो संमतही झाला.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्याला बालपणच लाभले नाही असे वक्तेमहाशय सांगत होते, तो मुलगा मीच होतो. आणि मला तर माझे बालपण चांगले आठवते. तेव्हा त्यांच्याशी माझा वाद आहेच. परंतु सभा संपल्यावर चहाचे पेले हाती घेऊन माझ्या वयाच्या ज्या मंडळींनी 'आमच्या वेळचे व्हिडिओ गेम तरी बरे होते हो, आताच्या पोरांचे काही खरे नाही' असे सुस्कारे टाकले, त्यांच्याशी माझा वाद अधिक मोठा आहे. दोन्ही पक्षांनी भलत्यालाच पकडले आहे, आणि ज्याला जाब विचारायचा तो मोकळा फिरतो आहे, असे माझे म्हणणे आहे.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. माझे वडीलही कारकूनच होते. दिल्लीच्या सरोजिनी नगरात दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहत असू. १९९९ च्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून वडिलांनी पालिका बाजारातून एक व्हिडिओ गेम आणला. निंटेंडो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे जे यंत्र काढले, त्याची ती स्वस्त नक्कल होती. अशाच नकला रशियात 'डेंडी' या नावाने आणि आपल्या देशात नाना नावांनी घरोघर पोचल्या होत्या. म्हणजे जपानने सोळा वर्षांपूर्वी पाहिलेले यंत्र आम्ही नवे म्हणून हळदकुंकू लावून घरात घेतले. त्यावर आम्ही खेळलो तो 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ सालचा, आणि 'काँट्रा' १९८८ साली घरगुती यंत्रावर आलेला. आमच्या बालपणीचे खेळ आमच्या बालपणीच जुने झालेले होते. ते आम्हांला कोणी सांगितले नाही, इतकेच. जुनेपणातच काही गुण आहे असे मानणाऱ्या माझ्या मित्रांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आम्हांला ते खेळ आवडले ते नवे म्हणून.

आता वक्त्यांच्या आरोपाकडे वळू. पडद्याने मुलांना एकटे पाडले, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आमच्या घरी टीव्ही एक, रिमोट दोन आणि मुले पाच-सहा असत. शेजारचा तमिळ मुलगा, वरच्या मजल्यावरची बंगाली भावंडे, समोरच्या ब्लॉकमधला पंजाबी दोस्त आणि मी. पाळ्या लावाव्या लागत, त्यावरून भांडणे होत, ती मिटवावी लागत. 'काँट्रा'च्या तिसऱ्या टप्प्यात एक धबधबा आहे. तो दोघांनी मिळून चढायचा असतो. एक जण घाईने वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि खाली राहिलेला सोबती प्राणास मुकतो. मागे राहिलेल्याची वाट पाहावी, हे शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाआधी मला त्या धबधब्याने शिकवले. लगोरीत याहून निराळे काय शिकतात, हे वक्त्यांनी सांगावे. त्या खेळाने अभ्यास बुडाला, डोळे लाल झाले, आईने चार वेळा अॅडॉप्टर काढून पिठाच्या डब्यामागे लपवला, हे सारे मला मान्य आहे. पण विटीदांडूनेही कोणाचे डोळे फुटलेच असतील. म्हणून त्याला कोणी बालपणाचा मारेकरी म्हटले नाही.

एवढे झाल्यावर माझ्या समवयस्कांना वाटेल, की मी त्यांच्या बाजूचा आहे. तसे नाही. आमच्या पिढीच्या स्मरणरंजनात एक दृश्य हमखास येते: कॅसेट चालेनाशी झाली की ती काढून आम्ही तिच्यात फुंकर मारत असू आणि ती चालू लागे. या फुंकरीवर किती गहिवरून बोलले जाते! वस्तुस्थिती अशी, की फुंकरीतील ओलाव्याने कॅसेटची तांब्याची टोके उलट गंजत. फुंकर मारू नका, असे निंटेंडो कंपनीनेच ग्राहकांना बजावलेले आहे. कॅसेट चालू होई ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. गुण आला तो एका कृतीने, आणि श्रेय मिळाले दुसरीला. आमची सारी हळहळ याच जातीची आहे. चौकोनी रंगीत ठिपक्यांची चित्रे आणि ते कर्कश संगीत यांना आम्ही श्रेय देतो. प्रत्यक्षात सुखाचे कारण निराळेच होते.

आणि या हळहळीचे गिऱ्हाईक तयार आहे. २०१६ साली निंटेंडोने आपले जुने यंत्र तळहातावर मावेल एवढे करून, त्यात तीस जुने खेळ भरून पुन्हा विकायला काढले. त्यांनी विकू नये असे मी म्हणत नाही. परंतु ज्याच्या आठवणी इतक्या सहज विकत घेता येतात, त्याने आपण काय गमावले याचा विचार विक्रेत्यावर सोपवलेला असतो. मग 'आताच्या पोरांना बालपणच नाही' हे वाक्य उरते. आणि ते व्याख्यात्यांचेच वाक्य आहे, फक्त विटीदांडूच्या जागी 'काँट्रा' घातला आहे.

तर मग खरोखर गेले काय? ते मला माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने दाखवले. मोबाइलवरच्या एका खेळात त्याने दोन वर्षे खपून एक शेत उभे केले होते. विहीर, गोठा, आंब्याची रांग, कुंपण. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून, माझ्या परवानगीने, त्याने त्यात एक बैलजोडीही विकत घेतली होती. गेल्या हिवाळ्यात कंपनीने तीस दिवसांची सूचना देऊन तो खेळ बंद केला. सूचना इंग्रजीत होती. मुलाने ती वाचली नाही, आणि मीही नाही. एका सकाळी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारले, "बाबा, माझं शेत कुठे गेलं?" मी तक्रार लिहिली. उत्तर आले, की आपण काहीही विकत घेतले नव्हते. आपणांस केवळ वापरण्याची परवानगी दिलेली होती, आणि ती मागे घेण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला होता. ज्या अटींना आपण होकार दिला, त्यांतच तसे लिहिले होते. मी आयुष्यभर नियमांची कलमे वाचण्याची नोकरी केली, पण मुलाच्या बैलजोडीचे कलम वाचायचे राहून गेले.

आता त्या शेजारी आमची कॅसेट ठेवून पाहा. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० किलोबाइटांत मावतो. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्याहून कितीतरी पट मोठा असतो. त्यात आठ राज्ये, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस. बत्तिसावा संपला की राजकन्या सुटते आणि खेळ संपतो. एकदा पैसे दिल्यावर त्याने आमच्याकडे पुन्हा काही मागितले नाही. ती कॅसेट मी बंगाली भावंडांना आठवडाभर दिली, तमिळ मित्राशी बदलली, दुकानदाराला परत देऊन वर थोडे पैसे घालून दुसरी आणली. ती आमची होती. ती देता येई, म्हणूनच दारावर मुले येत. सोबत, पाळी, उसनवारी, भांडण आणि समेट हे सारे त्या मालकीतून निघाले होते. श्रेय आम्ही दिले फुंकरीला.

आज जे विकले जाते ते याच्या उलट आहे. ते उसने देता येत नाही, मुलाला वारसा म्हणून ठेवता येत नाही, आणि पुष्कळदा ते मुद्दामच संपू दिले जात नाही. कारण संपले तर पुढची खरेदी थांबेल. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली पूर्ण किंमत घेऊन विकलेला 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. ज्यांच्या कपाटात त्याची तबकडी आहे, त्यांनाही त्या दिवशी तो खेळता येईनासा झाला. या अन्यायाविरुद्ध युरोपात नागरिकांनी सह्यांची मोहीम उभारली. जुलै २०२५ मध्ये सह्यांची संख्या दहा लाखांवर गेली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना बंधन घातले, की ग्राहकाला मालकी न देता केवळ परवाना देत असाल, तर 'विकत घ्या' असे बिनदिक्कत म्हणू नका. वस्तुस्थिती स्पष्ट सांगा. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. त्याचा विषय जुगाराचा होता. मालकीचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर आहे. सरकारी नोकराने सरकारच्या धोरणावर टीका करू नये असा आचरण नियम आहे, आणि मी तो पाळतो. दुकानदारावर टीका करण्यास मात्र त्या नियमात आडकाठी नाही.

येथे प्रतिपक्षाचे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की तुमच्या कॅसेटी चोरीच्या होत्या. तुम्ही कोणत्या तोंडाने मालकीच्या गोष्टी करता? आक्षेप खरा आहे. 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असे छापलेल्या त्या कॅसेटींत मोजून दहा-पंधरा खेळ उलटसुलट करून भरलेले असत, आणि त्यांच्या निर्मात्यांना आमच्या पैशांतून दमडीही गेली नसेल. मी त्याचे समर्थन करत नाही. पण आमच्या वडिलांनी अजाणता घेतलेल्या नकली कॅसेटीमुळे माझ्या मुलाने रीतसर घेतलेली बैलजोडी नाहीशी करण्याचा हक्क कोणाला कसा मिळतो? दुसरा आक्षेप असा, की ऑनलाइन खेळ चालवायला खर्च येतो. कंपनीने तो जन्मभर सोसावा काय? सोसू नये. दुकान बंद करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. विकलेला माल गिऱ्हाइकाच्या घरातून उचलून नेण्याचा नाही. बंद करताना खेळ एकट्याला तरी खेळता येईल अशा स्थितीत सोडावा, किंवा तो किती वर्षे चालेल हे विकतानाच सांगावे, एवढेच मागणे आहे.

कारकुनाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या कार्यालयात 'क' वर्गाची, म्हणजे थोड्याच काळापुरती महत्त्वाची, फाइलसुद्धा मनास येईल तेव्हा फाडता येत नाही. तिची मुदत ठरलेली असते. मुदत संपल्यावर कोणीतरी ती उघडून पाहतो, शेरा मारतो, सही करतो. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन ग्रंथालयांत पोचावी, असा कायदा १९५४ सालीच झाला. परप्रांतात मराठी नियतकालिक चालवणाऱ्यांना त्याचे मोल सांगायला नको. खेळांना असे घर नाही. अमेरिकेतील एका अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवून दिले, की त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. ग्रंथालयांनी ते दूरस्थ अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावेत, या मागणीलाही तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नकार दिला. जे विकायचे नाही आणि दाखवूही द्यायचे नाही, त्याविषयी मग उरते ती केवळ हळहळ. आणि ती आम्ही पुरवतोच.

सरोजिनी नगराच्या पुनर्विकासाला २०१६ साली मंजुरी मिळाली आणि पुढे आमचा ब्लॉकही पाडला गेला. क्वार्टर सोडताना आईने त्या व्हिडिओ गेमची पेटी ट्रंकेत टाकली होती. शेत गेले त्या रविवारी मी ती काढली. पहिल्यांदा पडदा करडाच राहिला. मुलगा म्हणाला, "बाबा, फुंकर मारा ना." मी मारली नाही, कॅसेट काढली, कापडाने पुसली, पुन्हा बसवली. यंत्र सुरू झाले. सव्वीस वर्षांनंतर त्याला कोणाची परवानगी लागली नाही.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. ज्येष्ठांनी पडद्याला शिव्या देणे थांबवावे. पडदा हे निमित्त आहे. माझ्या वयाच्यांनी फुंकरीचे पोवाडे गाणे थांबवावे. आणि मुलाला काहीही विकत घेऊन देण्याआधी एकच प्रश्न विचारावा, की हे मला विकता आहात की भाड्याने देता आहात? उत्तर भाड्याचे असेल तर किंमतही भाड्याची असावी आणि मुदत पावतीवर लिहिलेली असावी. पुढील वर्षी मंडळाने याच प्रश्नावर व्याख्यान ठेवावे. त्या दिवशी टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत असेन, आणि माझा मुलगाही.