मोजपट्टी आखूड करू नये

पुण्याच्या महात्मा फुले मंडईतील जुन्या गाळ्यांची रचना अशी आहे की, विक्रेता जमिनीपासून बऱ्याच उंच बैठकीवर मांडी घालून बसतो, त्याच्यासमोर तराजू टांगलेला असतो आणि गिऱ्हाईक खाली उभे राहून, मान वर करून भाव विचारते. त्यामुळे वर बसलेल्या माणसाची खरी उंची किती, हे वर्षानुवर्षांची ओळख असूनही आपल्याला ठाऊक नसते. ज्या मावशींकडून मी गेली पंचवीस वर्षे पालेभाजी घेत आलो आहे, त्यांना पायांवर उभ्या राहिलेल्या मी प्रथम पाहिले ते गेल्या महिन्यात, एका दिवेलागणीला. उरलेला माल गोणपाटाखाली झाकून त्या गाळ्यावरून उतरल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या नातीच्या हातात त्यांनी पिशवी दिली, तेव्हा मावशींचे डोके नातीच्या खांद्यालाही लागत नव्हते. नात काही विशेष उंच नव्हे. चार मुलींत उठून दिसावी अशी तिची अंगकाठी नाही.

“मावशी, नात तुमच्यापेक्षा हातभर उंच झाली की!” मी म्हणालो.

“व्हणारच की दादा. तिला दूध मिळालं, अंडी मिळाली. आमच्या वक्ताला बहात्तरचा दुष्काळ. आईसंगं खडी फोडायला जायचो, तिथं सुकडी मिळायची, ती खायची.”

“पण मळा घरचा होता ना? भाजी तर घरचीच असेल.”

“ती इकायची असती दादा. खायची नसती.”

या दोघींचे रक्त एक, गाव एक, कुळ एक. मधल्या पन्नास वर्षांत बदलले ते ताट, पिण्याचे पाणी, लसीची सोय आणि शाळेची वाट. असे असता, ‘आपली माणसे मुळातच लहान चणीची, त्याला कोण काय करणार’ हे वाक्य आपण सुशिक्षित घरांत आणि क्वचित सरकारदरबारीही इतक्या सहजपणे का उच्चारतो, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून माझ्या मनातून जात नाही. आणि हे वाक्य खोटे आहे, एवढेच नव्हे तर अपायकारक आहे, असे माझे मत असल्याने ते सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

मंडईची ही अष्टकोनी इमारत १८८६ साली खुली झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला जोतीरावांचे नाव दिले गेले. त्याच १८८६ साली लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा तक्ता मांडून एक प्रबंध प्रसिद्ध केला. उंच मातापित्यांची मुले उंच असतात, पण बहुधा त्यांच्याइतकी नाही. ठेंगण्यांची मुले ठेंगणी असतात, पण तीही सरासरीकडे सरकतात, हा त्यातील सिद्धान्त संख्याशास्त्रात कायमचा रुजला. गाल्टन यांची गणना चोख होती. परंतु घराघरांतील फरक आनुवंशिक असतो, या शोधाला पुढील काळात लोकालोकांतील फरकही आनुवंशिकच असला पाहिजे अशी पुस्ती जोडली गेली, आणि सारा घोटाळा त्या पुस्तीत आहे.

कोथिंबिरीचे एकाच वाणाचे, पण भिन्न गुणांचे बी दोन मुठींत घ्या. एक मूठ शेणखत घातलेल्या, पाटाचे पाणी मिळणाऱ्या वाफ्यात टाका आणि दुसरी मुरमाड माळावर. प्रत्येक वाफ्यात काही रोपे उंच होतील, काही खुजी राहतील, आणि त्या त्या वाफ्यातील हा फरक बियाण्याचाच असेल, कारण माती सर्वांना सारखी आहे. पण दोन वाफ्यांच्या सरासरीत जी तफावत पडेल, तिच्यात बियाण्याचा अंशही नसेल. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७० साली अशाच बियांच्या दाखल्याने हा भेद समजावून दिला. उंचीवर जनुकांचा अंमल आहे, हे कोणी नाकारीत नाही. २०२२ साली पन्नास लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासातून उंचीशी निगडित अशी सुमारे बारा हजार जनुकीय स्थाने निश्चित झाली, आणि कांगो खोऱ्यातील ठेंगण्या जमातींसारखी उदाहरणे पाहिली तर काही लोकसमूहांच्या उंचीत जन्मजात वाटाही मोठा आहे, हे मान्यच केले पाहिजे. तथापि, जनुके शंभर वर्षांत बदलत नसतात, आणि शंभर वर्षांत उंची मात्र बदलली आहे.

ती किती बदलली, हे आकड्यांनीच सांगावे. १८९६ ते १९९६ या काळात जन्मलेल्या पिढ्यांची तुलना केली, तर दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची सुमारे २० सेंटीमीटरांनी वाढली, इराणी पुरुषांची सुमारे १६. त्याच शंभर वर्षांत भारतीय पुरुष जेमतेम ३ सेंटीमीटर वाढले आणि भारतीय स्त्रिया सुमारे ५. आज जगात सर्वांत उंच गणले जाणारे डच लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरासरी १६५ सेंटीमीटरांच्या आसपास होते, म्हणजे आजचा भारतीय तरुण जिथे आहे जवळपास तिथेच. ग्वाटेमालातील माया लोक जगातील सर्वांत ठेंगण्यांत मोडतात. त्यांतील जी कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली, त्यांची मुले मायदेशीच्या समवयस्क मुलांपेक्षा एका पिढीतच दहा सेंटीमीटरांहून अधिक उंच भरली. दूध, अंडी, स्वच्छ पाणी, गोवर आणि अतिसारापासून सुटका, आणि आईच्या अंगी गरोदरपणापूर्वीच आलेले बळ, ही या वाढीची कारणे होत.

या विषयाचा पुण्याशी असलेला संबंध मात्र मंडईपुरता नाही. माणसाचे शरीर मोजण्याविषयीचा एक मोठा वाद याच शहरात झडला आहे. त्याची हकीकत थोडी मागून सुरू करावी लागेल. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असममितीवर संशोधन करीत होत्या. युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व कवटीच्या घडणीत दिसावे, अशी त्या गुरूची धारणा होती, पण बाईंच्या मोजमापांतून तसे काही निष्पन्न झाले नाही आणि त्यांनी तसे निःशंकपणे लिहिले. हे धैर्य लहान नव्हे. पुढे डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातिसमूहांची शारीर मोजमापे घेतली, आणि १९५१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांच्यासोबत सहलेखक म्हणून नाव होते वि. म. दांडेकर यांचे. हेच दांडेकर वीस वर्षांनी, १९७१ साली, गोखले संस्थेतून नीळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्यावरील तो प्रसिद्ध ग्रंथ घेऊन आले, ज्यात दारिद्र्याची सीमा माणशी दररोज २२५० कॅलरी देऊ शकणाऱ्या खर्चावर आखली होती. ज्या गृहस्थाने प्रथम देह मोजले, त्यानेच पुढे ताट मोजले, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

या ताटाच्या मापाला आव्हान दिले तेही पुण्यातूनच. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, संख्याशास्त्रातील जागतिक कीर्तीचे पंडित, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ अधिकारपदी राहून पुण्यास परतलेले. त्यांचे प्रतिपादन असे की, एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेखाली खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित गणणे हा हिशेबातील दोष आहे. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी दांडेकर आणि सुखात्मे यांच्यात या प्रश्नावर झालेला वाद ज्यांनी वाचला असेल, त्यांना दोन्ही बाजूंची तयारी पाहून आदरच वाटला असेल. सुखात्म्यांनी अन्नाइतकेच शुद्ध पाण्याला आणि मलनिःसारणाला महत्त्व दिले. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी अन्न लागत नाही, हे त्यांचे सांगणे काळाच्या कसोटीवर उतरले आहे. परंतु याच विचाराचा आधार घेऊन डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जो पुढचा निष्कर्ष काढला, की भारतातील पुष्कळशी ठेंगणी मुले ‘लहान पण निरोगी’ आहेत, तो मला मान्य करता येत नाही. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी तेव्हाच विचारले होते की, लहान असणे निरोगीपणाचे असेल, तर हा नियम फक्त गरिबांच्याच मुलांना का? या प्रश्नाला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

चाळीस वर्षांनंतर तोच निष्कर्ष निराळ्या पोशाखात परत आला आहे. भारतीय मुलांसाठी वाढीची मोजपट्टीच वेगळी, म्हणजे आखूड, असावी, अशी मागणी अधूनमधून विद्वानांकडून होते. तसे केले की खुरटलेल्या मुलांची संख्या एका हुकमासरशी घटेल, यात शंका नाही. पण जी मोजपट्टी आज अंगणवाडीत वापरली जाते, ती परकीय मुलांवरून घेतलेली आहे, हे या मागणीमागचे गृहीतच चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत अशा सहा देशांतील मिळून सुमारे साडेआठ हजार मुले अभ्यासली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीच्या सुस्थित घरांतील होती, अंगावर पिणारी, लसीकरण झालेली, धूम्रपान न करणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेली. त्या सर्व मुलांच्या लांबीतील एकूण फरकापैकी देशादेशांतील भेदाचा हिस्सा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास निघाला. दिल्लीचे मूल ऑस्लोच्या मुलासारखेच वाढले. २००६ साली जी प्रमाणे प्रसिद्ध झाली ती या मुलांवरून, आणि त्यांत आपलीही मुले आहेत.

आता मावशींच्या त्या न खाल्लेल्या भाजीकडे वळतो. पुण्यापासून चाळीसएक किलोमीटरांवरील सहा गावांत, के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास चालविला, तो या विषयातील जगातल्या अत्यंत मोलाच्या अभ्यासांपैकी आहे. त्या मातांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटर आणि वजन ४२ किलो होते; त्यांच्या बाळांचे जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बाळांचे सुमारे साडेतीन. आईच्या पोटात किती कॅलरी वा प्रथिने गेली, यापेक्षा तिने हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा घेतले, याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध अधिक घट्ट आहे, असे त्यात आढळले. आणि पाणी वाहणे, धुणे, शेतकाम अशा कष्टांचा बोजा जिच्यावर जास्त, तिचे बाळ लहान. जन्मतः लहान असलेले हे बाळ वरकरणी किडकिडीत दिसले तरी त्याच्या अंगी स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते, आणि पुढे मधुमेहाची वाट तिथूनच फुटते, म्हणून मागाहून नुसते वजन वाढविण्याचा सपाटा लावणे घातकही ठरू शकते. ज्या गावांतून मेथीच्या, चाकवताच्या, शेपूच्या जुड्या पहाटे पुण्याकडे निघतात, त्या गावांत गरोदर बाईच्या ताटात ती जुडी पडत नाही, कारण ती विकायची असते. मावशींनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट हीच.

ठेंगण्या आईचे बाळ लहान, ती मुलगी मोठी होऊन आई झाली की तीही ठेंगणी, ही साखळी जनुकांची भासते, पण ती पोषणाची साखळी आहे, आणि ती तुटायला एक पिढी पुरत नाही. म्हणूनच महाराष्ट्राचा दाखला मला अस्वस्थ करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ साली ३४.४ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ झाले; म्हणजे पाच वर्षे आपण जागच्या जागी राहिलो, आणि उद्योगधंद्यांत अग्रेसर म्हणविणाऱ्या राज्याला हे शोभत नाही. घरातल्या घरातही वाटणी सारखी नाही: भारतातील पहिले अपत्य आफ्रिकेतील पहिल्या अपत्यापेक्षा ठेंगणे नसते, तूट पडू लागते ती दुसऱ्यापासून, आणि मुलींच्या वाट्याला अधिक, असे सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. या तुटीची वसुली पुढे भरतीच्या मैदानावर होते. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारास सर्वसाधारणपणे १६५ सेंटीमीटरांची अट आहे, आणि १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरीही तितकीच. तेव्हा अर्ध्या सेंटीमीटराने परत फिरणारा तरुण आपल्या बालपणीच्या आजारांची आणि आईच्या अर्धपोटी दिवसांची शिक्षा भोगत असतो.

माझे मागणे फार नाही. अंगणवाडीतील मोजपट्टी आहे तीच राहावी, मुलांची उंची घाईने अंदाजपंचे न लिहिता नीट आडवे निजवून किंवा ताठ उभे करून घ्यावी, आणि त्याच दप्तरात आईच्या उंची-वजनाची नोंदही व्हावी. गरोदर स्त्रीच्या आहाराची तजवीज करताना धान्याची गोणी पोहोचली म्हणजे काम झाले असे न मानता पालेभाजी, फळ आणि दूध यांनाही शिध्यात जागा मिळावी, आणि तिच्या डोक्यावरचा हंडा उतरावा म्हणून नळ दारापर्यंत यावा.

परवा पुन्हा मंडईत गेलो होतो. मावशी नेहमीप्रमाणे वर बसल्या होत्या आणि नात खाली उभी राहून गिऱ्हाइकांना पिशव्या भरून देत होती. तिला पाचवा महिना लागला आहे, हे मला तेव्हाच कळले. शेपूच्या दोन जुड्या मागितल्या, तर मावशींनी एकच पुढे केली. दुसरी गोणपाटाखाली दिसत होती. “तेवढी न्हाय द्यायची दादा,” त्या म्हणाल्या, “ती हिची हाय.”