हात सोडा, मग बोलू

घरी बांधलेल्या विमानाची बातमी आपल्याकडे नेहमी एकाच जागी संपते: ते उडालं. फोटोत हार, पेढे, आमदार आणि सगळ्यांच्या मागे अर्धवट दिसणारं विमान. मी मूळचा पुण्याचा, बरीच वर्षं अमेरिकेत ऑरेगन राज्यात राहतो, आणि स्वतः बांधलेलं दोन आसनांचं आरव्ही-७ उडवतो. अशी बातमी कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सरळ उडताना हात सोडले तर ते काय करतं?

प्रश्न खवचट वाटतो, पण त्याचं उत्तर ठरल्याशिवाय ते विमान पूर्ण झालं असं मी मानत नाही. इंजिनाला पुरेशी ताकद असेल तर काहीही उडतं. उडालेलं यंत्र वैमानिकाला दर क्षणी सांभाळावं लागतं की ते स्वतःच स्वतःला सांभाळतं, यावर त्याची योग्यता ठरते. पहिल्या प्रकारच्या विमानात नकाशा बघायला मान वळवली तरी एक पंख खाली जायला लागतो. तासाभरानं मनगट दुखतं, दोन तासांनी डोकं, आणि दमलेलं डोकं नेमकं उतरायच्या वेळी चुकतं.

हौशी माणसाच्या हातचं विमान पहिल्या उड्डाणात सहसा एका अंगानं जड असतं. साहजिक आहे. गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, हजारो रिव्हेट मारून केलेले दोन पंख तंतोतंत सारखे होत नाहीत. लहानपणी पतंग एका बाजूला झुकायला लागला की आपण दुसऱ्या टोकाला कागदाचा चिटोरा चिकटवायचो. तत्त्व तेच आहे. फक्त चिटोरा कुठे लावायचा हे इथे पटकन कळत नाही, कारण एकाच दुखण्याची कारणं पाच-सहा असू शकतात.

म्हणून पत्र्याला हात लावण्याआधी पेट्रोल बघायचं. आरव्ही-७ च्या प्रत्येक पंखात साधारण ८० लिटरची टाकी असते. एका टाकीत २० लिटर जास्त असलं तर तिकडे चौदा-पंधरा किलोंचा भार जास्त. वैमानिक डावीकडे एकटाच बसलेला असेल तर डावं अंग तसंही जड. माझ्या शेजारच्या हँगरमधले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांची निम्मी हयात विमानं दुरुस्त करण्यात गेली, चाचणीच्या वेळी शेजारच्या सीटवर वाळूची पोती बांधायला लावायचे. तुम्ही बहुतेक वेळा दोघं जाणार असाल तर दोघांच्या वजनावर विमान सरळ करा, एकटे जाणार असाल तर एकट्याच्या. दोन्ही एकदम जमत नाही. कशाला झुकतं माप द्यायचं हे बांधणाऱ्यानं ठरवायचं.

त्यानंतर रडर. शेपटीच्या उभ्या पंखाचा हलणारा भाग तो रडर. पंख जड आहे अशी तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांचं खरं दुखणं इथे असतं: विमान किंचित तिरकं, कुशीवर सरकत चाललेलं असतं आणि त्यामुळे पंख कलतो. वैमानिकासमोर वाकड्या काचनळीत एक छोटा गोळा असतो. विमान नीट नाकासमोर चाललं असेल तर तो मध्यभागी राहतो. उजवीकडे गेला तर उजवा रडर हवा. मग रडरच्या मागच्या कडेला, डाव्या बाजूनं, लाकडाची बारीक पाचर चिकटपट्टीनं लावायची. हवा पाचरीवर आदळून डावीकडे वळते आणि रडरची कड उजवीकडे ढकलली जाते. डावी पाचर, उजवा परिणाम. हे नवशिक्याला पहिल्यांदा उलटं वाटतं. पाचर थोडी थोडी कापत जायची, गोळा मध्यभागी आला की तेवढ्याच मापाची पक्की पाचर बसवून रंगवायची. चाकांवरच्या फायबरच्या टोप्या वाकड्या बसल्या असतील तर त्याही रडरचंच काम करतात, म्हणून त्या आधी दोरी लावून तपासाव्यात.

आणि हे सगळं एकाच वेगासाठी. चढताना, इंजिन पूर्ण ताकदीवर असताना पंख्याचा झोत आणि पंख्याचा तिरपा कोन विमानाला डावीकडे ओढतात. तिथे उजवा पाय लावावाच लागतो. प्रवासाच्या वेगाला सरळ चालणारं विमान चढतानाही पाय न लावता सरळ जावं अशी अपेक्षा धरली तर दोन्ही बिघडेल.

गोळा मध्यभागी आल्यावरही पंख कलत असेल, तर मग एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग. आरव्हीचं एलेरॉन म्हणजे पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मागच्या कडेला दुमडून केलेली पोकळ फळी. त्या दुमडीची गोलाई एका बाजूला जरा जास्त, दुसऱ्या बाजूला जरा कमी झाली की हवा दोन्ही फळ्यांना वेगवेगळ्या जोरानं धरते. उपाय असा की जो पंख हलका आहे, म्हणजे वर उचलला जातो, त्याच्या एलेरॉनची मागची कड दाबायची. जड पंखाला हात लावायचा नाही. दाबलेली कड जरा धारदार होते, ते एलेरॉन वाऱ्यात किंचित वर राहतं आणि तो पंख खाली बसतो. रुंद जबड्याची पत्र्याची पक्कड, मध्ये लाकडी पट्टी, आणि टोकापासून टोकापर्यंत अगदी हलका दाब. डोळ्याला फरक दिसला तर बहुधा जास्त झालं. मग उडून बघायचं, उतरायचं, पुन्हा दाबायचं. जास्त दाबलं गेलं तर गोलाई परत आणणं कठीण, तेव्हा दुसरी बाजू दाबून बरोबरी करतात.

स्टिकला, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या दांड्याला, स्प्रिंगचा ताण देऊन जड पंख उचलून धरण्याचीही सोय असते. उरलेसुरले दोष आणि टाकीतला चढउतार सांभाळायला ती ठीक आहे. मुळातला वाकडेपणा त्याखाली झाकणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते तो भाग. विमान सरळ उडतं म्हणजे ते स्थिर आहे, असं मुळीच नाही. सरळ उडणाऱ्या विमानाचं नाक जरा वर उचलून सोडून द्या. स्थिर विमान वेग गमावतं, नाक खाली टाकतं, वेग घेतं, पुन्हा वर येतं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक हेलकावा, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याहून लहान. या झुल्याला फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं १९०८ मध्ये फुगॉइड असं नाव दिलं. अस्थिर विमान मात्र उचललेलं नाक खाली आणत नाही, आणखी उचलतं. याचं मूळ असतं वजनाच्या मांडणीत. गुरुत्वमध्य फार मागे गेला की ट्रिमची, म्हणजे हात न लावता नाक एका जागी धरून ठेवणारी, कळ कितीही फिरवा, विमान क्षणभर सरळ राहील आणि निसटेल. आरव्हीमध्ये पेट्रोल पंखाच्या पुढच्या कडेला असतं, सामान सीटच्या मागे. पेट्रोल जळत जातं तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो. निघताना छान वागणारं विमान मागे सामान खच्चून भरलं असेल तर उतरायच्या वेळी बेभरवशाचं होतं. म्हणून हिशेब निघतानाचा नाही, पोहोचतानाचा करायचा. पण टाकी भरली की बहुतेकांचा हिशेब संपतो.

नाशिकला इंजिनिअरिंग शिकणारा माझा पुतण्या हे ऐकून म्हणाला, "काका, एवढी खटपट कशाला? दोन सर्व्हो लावा, ऑटोपायलट सगळं धरून ठेवेल."

अरे बाबा, धरून ठेवेल हीच तर अडचण आहे. वाकडं विमान ऑटोपायलट दाबून सरळ ठेवतो आणि तुला वाकडेपणा दिसतच नाही. त्याची ताकद संपली, वीज गेली किंवा हवा फार खवळली की तो हात वर करतो आणि तेच वाकडं विमान, अचानक, तुझ्या हातात देतो.

हा वाद जुना आहे. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणानं जमलेल्या लोकांवरून विमान नेलं, स्वतः दोन्ही हात वर केले, आणि त्याचा सहकारी उडत्या विमानाच्या पंखावर चालत गेला. भिंगरीसारख्या फिरणाऱ्या जायरोस्कोपनं विमान सरळ धरलं होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड बस्क या अभियंत्यानं यंत्र न लावता, नुसत्या पंखांच्या आणि शेपटीच्या मांडणीतून आपोआप सावरणारं बीई-२सी तयार केलं. त्याच प्रकारच्या विमानाला हवेत आग लागून नोव्हेंबरमध्ये तो गेला. त्याचं विमान इतकं शांत होतं की पुढे युद्धात तेच विमानाच्या मुळावर आलं: जर्मन फोकर लढाऊ विमान मागे लागलं की बीई-२सीला चटकन वळता येईना. म्हणजे स्थिरता फुकट मिळत नाही, हे मलाही मान्य आहे. कसरती करणाऱ्याला माझं विमान कंटाळवाणं वाटेल. पण बायकोला शेजारी बसवून समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन येणाऱ्याला कोणतं हवं, हे सांगायला नको. पुतण्याला मी एवढंच म्हटलं, आधी बस्क, मग स्पेरी.

यात जीव वाचवण्याचा हिशेबही आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांना विमान चालवता येत होतं, पण बाहेरचं काही दिसेनासं झाल्यावर नुसत्या उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नव्हतं. ढगात शिरल्यासारखी स्थिती निर्माण केल्यावर विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. पुढे त्याच प्रयोगात त्यांना सुटकेची जी रीत शिकवली, तिच्यात स्टिअरिंगवरचे हात काढणं, वेग कमी करून ट्रिम बसवणं आणि मग फक्त रडरनं हळू वळून परत फिरणं होतं. घाबरलेल्या माणसाच्या हातांपेक्षा नीट ट्रिम केलेलं विमान जास्त शहाणं ठरलं. पण ही रीत वाकड्या विमानात चालत नाही. तिथे हात काढले की पंख कलतो आणि गिरकी सुरू होते.

अमेरिकेत हौशी विमानाला पहिले ४० तास, इंजिन आणि पंख्याची मान्यताप्राप्त जोडी असेल तर २५ तास, वस्तीपासून दूरच्या ठरवलेल्या टापूतच उडवण्याची अट असण्याची पद्धत रूढ झाली. प्रवासी न्यायचे नाहीत. पाचर, पक्कड, वाळूची पोती हा सगळा उद्योग त्या तासांत होतो. सरकारी चाचणी-पुस्तिका कोणालाही मोफत मिळते. ही अट जाच वाटते, पण बांधणाऱ्याला निवांतपणे चाचण्या करायला सरकारनंच दिलेली ती मुभा आहे.

आपल्याकडे ही मुभा शोधावी लागते. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि नोंदणी मिळाली ती २०१७ मध्ये. ज्या वर्षांत उड्डाणाच्या नोंदी भरायच्या, त्यांत कागद भरले गेले. दुसऱ्या टोकाला, २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात घरी हेलिकॉप्टर बनवणारा एक तरुण चाचणी घेताना पातं लागून गेला. त्याच्या हुशारीचं कौतुक करणारे खूप होते. शेजारी उभं राहून 'आज नको, आधी हे तपासू' म्हणणारा जाणता माणूस कुठल्या यंत्रणेनं त्याला दिला होता?

महाराष्ट्रात बारामती, धुळे, लातूर, यवतमाळ इथे धावपट्ट्या आहेत. त्यांपैकी एकीवर आठवड्यातले ठरावीक दिवस पहाटेचे दोन तास हौशी विमानांना द्यावेत. पहाटेच, कारण ऊन चढलं की हवा उसळते आणि पंख विमानामुळे कलला की हवेमुळे हे सांगता येत नाही. भोवती वस्ती नसलेला टापू आखून द्यावा. हवाई दलातले किंवा विमान कंपन्यांतले निवृत्त तंत्रज्ञ पुण्यात, नाशकात, नागपुरात कमी नाहीत. त्यांच्यापैकी एकानं तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नये. तासांची अट हवीच, पण प्रत्येक उड्डाणाचा कागदही भरून घ्यावा: दोन्ही टाक्यांत पेट्रोल किती, माणसांचं आणि सामानाचं वजन किती, निघताना आणि उतरताना गुरुत्वमध्य कुठे, कोणत्या वेगाला ट्रिम केलं, गोळा कुठे होता, आणि हात सोडल्यावर किती सेकंदांनी कोणता पंख किती अंश कलला. शेवटचा रकाना कोरा असेल तर डीजीसीएनं, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकानं, प्रवासी बसवायची परवानगी देऊ नये, आणि आमदारसाहेबांनीही हार घेऊन जायची घाई करू नये.