नववा माणूस

16 डिसेंबर 2013 रोजी हार्वर्ड विद्यापीठात बॉम्ब ठेवल्याचे निनावी ईमेल आले आणि ऐन परीक्षेत इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. पाठवणाऱ्यानं टॉर वापरलं होतं. टॉरमध्ये आपली वाहतूक स्वयंसेवकांच्या तीन संगणकांवरून, म्हणजे रिलेंवरून, वळसे घेत जाते. पहिल्याला तुम्ही कुठून आलात ते कळतं, शेवटच्याला तुम्ही कुठे चाललात ते कळतं, पण दोन्ही गोष्टी कुणा एकाला कळत नाहीत. तरीही एफबीआय त्याच दिवशी ईमेल पाठवणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली. टॉर कुणी फोडलं नव्हतं. ईमेल येण्याआधीच्या काही तासांत विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कुणी वापरलं, याची नोंद होती. तेवढी पुरली.

तो पकडला गेला हे योग्यच झालं. पण गर्दी विरळ असली की माणूस सापडतो, हे गणित तेहरानमधल्या पत्रकारालाही लागू पडतं. टॉर उघडल्यावर तिला जेवढं संरक्षण कूटलेखन देतं, तेवढंच तिच्या आसपासची गर्दी देते. मग टॉर प्रकल्प जेव्हा कोणत्या देशातून रोज किती लोक येतात याचे आकडे जाहीर करतो, तेव्हा गर्दी कुठे विरळ आहे हेही तो जगाला सांगत असतो.

म्हणून आकडे छापूच नयेत, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. डिसेंबर 2021 मध्ये रशियानं टॉर अडवायला सुरुवात केली, ते सरकारी पत्रकांची वाट न पाहता आलेखात दिसलं. ऑगस्ट 2013 मध्ये वापरकर्ते अचानक काही पटींनी वाढले. तपासाअंती कळलं की ती माणसं नव्हतीच, विषाणूनं ताब्यात घेतलेले संगणक होते. जाळं चालवणाऱ्यांना हे कळायलाच हवं, आणि लोकांच्या विश्वासावर चालणाऱ्या व्यवस्थेनं ते सर्वांना दाखवायलाही हवं. प्रश्न उरतो तो मोजायचं कसं, याचा.

टॉर माणसं मोजतच नाही. टॉर वापरणारा प्रत्येक संगणक जाळ्यातल्या रिलेंची ताजी यादी अधूनमधून मागवतो. त्या मागण्या मोजायच्या, एक जण दिवसाला सरासरी 10 मागण्या करतो असं धरायचं आणि भागाकार करायचा. आयपी पत्त्यावरून फक्त देश ठरतो. पुढे प्रत्येक रिले आपला देशवार आकडा 8 च्या पटीत वर नेऊन जाहीर करतो. एक असो वा सात, दिसणार आठच.

ही युक्ती चांगली आहे, पण अपुरी. समजा, एखाद्या छोट्या देशातल्या पोलिसांना एका रिलेवर कुणी येतं का, हे पाहायचं आहे. ते स्वतःच्याच देशातून त्या रिलेकडे आठ मागण्या करतात. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात आठ दिसले तर त्या आठांपलीकडे कुणी नाही. सोळा दिसले तर नववा कुणीतरी आहे. त्याचं नाव अजून कळलेलं नाही, पण शोध घेण्याजोगं कुणीतरी आहे हे कळलं, आणि दूरसंचार कंपनीच्या नोंदी त्या पोलिसांच्या हाती असतातच.

मतमोजणी जवळून पाहिलेल्या कुणालाही हा धोका समजावून सांगावा लागत नाही. मत गुप्त असतं, पण बूथनिहाय आकडे बाहेर येतात आणि कोणत्या वस्तीनं साथ दिली नाही हे दुसऱ्या दिवशी गावभर होतं. यावर उपाय म्हणून 14 यंत्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगानं 2008 मध्ये दिला, 2015 मध्ये विधी आयोगानं त्याला पाठिंबाही दिला. मोजणी आजही बूथनिहायच होते.

टॉरच्या लोकांनी पुढचं पाऊल टाकलं. जाळ्यातल्या लपलेल्या संकेतस्थळांची आकडेवारी काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी गोल केलेल्या आकड्यात मुद्दाम यादृच्छिक चूक मिसळली. एकट्या माणसाच्या येण्याजाण्यानं आकडा जितका हलेल, त्यापेक्षा ही चूक मोठी असली पाहिजे. मग सोळा दिसले तरी नववा आला की नुसती चूक वर गेली, हे ठरवता येत नाही. यालाही मर्यादा आहेच. तोच माणूस रोज येत असेल आणि चूक रोज नवी असेल, तर महिनाभराच्या सरासरीत ती विरून जाते. म्हणून आकडे किती वेळा जाहीर करायचे, हाही सुरक्षेचाच निर्णय आहे.

पण छापताना घेतलेली काळजी निम्मीच. मला जास्त चिंता मोजणीच्या वेळची आहे. काही अमेरिकी संशोधकांनी टॉरच्या बाहेर पडणाऱ्या टोकावर लोकांच्या वाहतुकीचा काही भाग नोंदवून घेतला आणि 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निबंधात कुणाचं नाव नव्हतं, तरी वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. जी नोंद अस्तित्वात आहे ती चोरता येते, न्यायालयाकडून मागवता येते, धाक दाखवून काढून घेता येते.

त्यानंतर दहा वर्षांनी झालेली मोजणी पाहा. जॉर्जटाउन विद्यापीठ आणि अमेरिकी नौदलाची संशोधन प्रयोगशाळा (टॉरची मूळ कल्पना तिथलीच) यांच्या संशोधकांनी प्रिव्हकाउंट ही पद्धत वापरली. तिच्यात प्रत्येक रिलेवरची मोजणी शून्यापासून नव्हे, तर कुणालाच ठाऊक नसलेल्या यादृच्छिक संख्येपासून सुरू होते. ती संख्या वजा करायला लागणारे तुकडे वेगवेगळ्या लोकांकडे वाटलेले असतात. मध्येच कुणी एखादा रिले उचलून नेला तर हाती निरर्थक अंक लागतो. शेवटी सगळ्या रिलेंची चूक मिसळलेली बेरीज तेवढी उघडते. याच अभ्यासात अशाच झाकून मोजणाऱ्या सोबतच्या दुसऱ्या पद्धतीतून 2018 मध्ये रोजचे सुमारे 80 लाख वापरकर्ते निघाले, तोवरच्या अंदाजाच्या चौपट. खासगीपण जपलं की आकडे निकामी होतात, ही तक्रार मी आता ऐकून घेणार नाही.

भारतात आपण उलट्या दिशेला निघालो आहोत. सर्ट-इन या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार, वाहतूक आपल्या सर्व्हरवरून वळवून ग्राहकाचा पत्ता झाकणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी पत्ते किमान पाच वर्षं सांभाळायचे आहेत. काही मोठ्या कंपन्यांनी यावर इथले सर्व्हरच हलवले. गुन्ह्याच्या तपासाची गरज मला मान्य आहे. पण ज्यांच्यावर कसलाच संशय नाही अशा सगळ्यांची यादी पाच वर्षं जपून ठेवायची, तर ती यादी कुणाकुणाच्या हाती पडू शकते याचा हिशेब आदेश काढणाऱ्यांनी लोकांपुढे मांडला पाहिजे. तो हिशेब मी मागतो आहे.