सिंध कुठे आहे गं आई?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमचे तिसरीतले चिरंजीव राष्ट्रगीत घोकत होते आणि मी पोळ्या लाटता लाटता उच्चार सुधारत होते. मध्येच स्वारी नकाशा घेऊन आली. ''आई, पंजाब सापडला, गुजरात सापडला. सिंध कुठे आहे गं?''

''पाकिस्तानात.''

''मग आपल्या गाण्यात कसा?''

आठ वर्षांच्या पोराला फाळणी कशी सांगायची, ते सुचेना. ''पाठ कर आधी!'' म्हणून मी ओरडले. रात्री मात्र वाईट वाटलं. आपल्यालाही शाळेत एवढंच शिकवलं ना? ताठ उभं राहा, हलू नका. तो मान हवाच, पण अर्थ कळला नाही तर ती नुसती कवायत होते.

आणि अर्थ माहीत नसला की ऐकीव गोष्टी खऱ्या वाटतात. 'हे गीत इंग्रज राजासाठी लिहिलं' हा मेसेज मीच भिशीच्या ग्रुपवर पाठवला होता! मग शोधून वाचलं. रवींद्रनाथ टागोरांचं हे बंगाली गीत २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं. त्याच दिवशी तिथे बादशहाच्या स्वागताचं एक वेगळं गाणंही झालं आणि काही इंग्रजी वर्तमानपत्रांनी घोळ घातला. यातला भाग्यविधाता कुणी राजा नव्हे, असं खुद्द टागोरांनीच १९३७ साली पत्रात लिहिलंय. २४ जानेवारी १९५० ला ते राष्ट्रगीत ठरलं, तेव्हा फाळणी होऊन गेली होती. तरी सिंध राहिला. तो शब्द काढा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळली.

पण हे सगळं मुलाला सांगायचं कसं? मी त्याला शेजारच्या सिंधी आजींकडे घेऊन गेले. पाच वर्षांच्या असताना त्या कराचीहून बोटीने आल्या. पुढे कल्याणजवळच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात वाढल्या. ''घर आठवत नाही रे बाळा,'' त्या म्हणाल्या, ''बोटीत आई रडत होती, तेवढं आठवतं.'' पोरगा गप्प बसून ऐकत होता.

पंधरा ऑगस्टला 'सिंध' म्हणताना त्याने गर्दीत आजींना शोधलं. हलू नको, असं मला यंदा सांगावं लागलं नाही.

मैत्रिणींनो, सगळा इतिहास एकदम सांगायला नको. मूल ज्या शब्दावर अडेल, तेवढ्याच शब्दाची गोष्ट सांगा. नाही आली, तर 'आपण मिळून शोधू' म्हणा. माझ्यासारखं ओरडू मात्र नका!