जंगलातील शांतता आणि रस्त्यावरील वेग

कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातील बेकायदा बांधकाम व वृक्षतोड यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल दिला. प्रकरण उत्तराखंडातले असले, तरी त्यातील निर्देश देशातल्या सर्वच व्याघ्र प्रकल्पांना लागू असल्यामुळे त्याचे पडसाद चंद्रपुरात उमटणे अपरिहार्य होते. रात्रीचे पर्यटन बंद करावे, गाभा क्षेत्रात पर्यटकांना भ्रमणध्वनी वापरू देऊ नये, गाभा क्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्यांवर सांजवेळेपासून पहाटेपर्यंत रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता वाहतूक होऊ देऊ नये, आणि व्याघ्र प्रकल्प व त्याभोवतीचा संवेदनक्षम पट्टा यांना ध्वनिप्रदूषण नियमांखालील ‘शांतता क्षेत्र’ म्हणून घोषित करावे, असा या निर्देशांचा आशय आहे. ताडोबाच्या बफरमधील रात्रीच्या सफारीवर ज्यांचा चरितार्थ अवलंबून होता, ते अस्वस्थ झाले. वन्यजीवप्रेमींनी समाधान व्यक्त केले. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. परंतु या शांततेचा भार नेमका कोणावर पडणार आणि तिच्यातून कोण सहीसलामत सुटणार, या मुद्द्याकडे दोन्ही पक्षांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

सफारीच्या गाड्यांवर निर्बंध असले पाहिजेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्यातील गोठणगाव भागात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि मार्गदर्शक यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. वन्य प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन वाहनांमध्ये किमान ५० मीटर अंतर राखावे, हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा नियम २०१२ पासून अस्तित्वात आहे. म्हणजे उणीव नियमाची नव्हती. गाडीत बसलेल्या पाहुण्याला वाघ दाखवलाच पाहिजे, नाही तर बक्षिसी बुडाली, या हिशेबापुढे नियम हरला. त्या हिशेबात चालक दोषी आहे. पण वाघ दिसला नाही म्हणून कुरकुर करणारा पर्यटक तितकाच दोषी आहे, आणि त्याला मात्र कोणी निलंबित केले नाही.

शिवाय गोंगाट हा सफारीच्याही मुळावर येतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. ताडोबातील जाणता मार्गदर्शक वाघ डोळ्यांनी शोधत नाही, कानांनी शोधतो. वानराचा खाकरा, चितळाची तीक्ष्ण शीळ, सांबराचा एकच घोगरा हुंकार, यांवरून तो दिशा ठरवतो. इंजिन बंद करून दहा मिनिटे स्वस्थ बसण्याची ज्याची तयारी नाही, त्याला जंगल काहीच सांगत नाही. त्यात जिप्सी हे वाहन आता म्हातारे झाले आहे. मारुती कंपनीने २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबवले. आज धावणाऱ्या गाड्या वर्षागणिक अधिक खडखडणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. त्या बदलण्याचा खर्च एका गाडीच्या हप्त्यावर घर चालवणाऱ्या मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या तरुणाने एकट्याने सोसावा, अशी अपेक्षा करणे मात्र न्याय्य नव्हे.

आता ‘शांतता क्षेत्र’ या संज्ञेचा कायदेशीर अर्थ पाहू. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियम मुख्यतः शहरे डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर ही त्यांची शांतता क्षेत्राची मूळ कल्पना. अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. दोन माणसांचे साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती कडक आहे ते कळते. परंतु हा आकडा क्षणाचा नसून ठरावीक कालावधीच्या सरासरीचा आहे. शहरातील अखंड गोंगाटाला अशी सरासरी योग्य ठरते. जंगलाची गोष्ट वेगळी. तेथे पाऊण तास निःशब्द जातो आणि मग एक मालमोटार कर्कश भोंगा वाजवीत निघून जाते. सरासरीत तो भोंगा विरघळून जातो. पाण्यावर उतरणारे सांबर मात्र त्या एका भोंग्याने माघारी फिरते. जो नियम सरासरी मोजतो, तो या सांबराला ऐकूच येत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शांतता क्षेत्रात या नियमांनुसार ज्यांना शिक्षा होते ते अपराध म्हणजे ध्वनिक्षेपक, वाद्ये, ढोल-ताशे, फटाके आणि वाहनाचा भोंगा. इंजिनाची घरघर आणि टायरांचा घोष यांचा त्यांत समावेश नाही. वाहनाच्या आवाजाच्या मर्यादा कारखान्यातून बाहेर पडतानाच्या कसोटीच्या, त्या वेगळ्या नियमांत. अंमलबजावणीचा अधिकार जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधिकाऱ्यांकडे, वनाधिकाऱ्यांकडे नव्हे. आणि यंत्रणा हलते ती बहुधा कोणी तरी तक्रार केल्यावर. जंगलात तक्रार करणार कोण?

तेव्हा ताडोबाच्या परिघात शांतता क्षेत्राची फलकबाजी झाली, तर तिचा पहिला वार कोणावर होईल हे उघड आहे. बफरमध्ये सुमारे ऐंशी गावे आहेत. त्या गावांतील लग्नाची वरात, गणपतीची आरती, भजनी मंडळाचा कर्णा आणि दिवाळीनंतर सुरू होणारी नाटके, यांच्यावर होईल. झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात, ध्वनिक्षेपकाशिवाय ती उभी राहत नाहीत, आणि मूल, सिंदेवाही, नागभीड या तालुक्यांतील माणूस वर्षभर त्यांची वाट पाहत असतो. वडसा येथे त्यांचा मोठा व्यवसाय उभा आहे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीला राष्ट्रीय मान्यता लाभली. रिसॉर्टच्या हिरवळीवर मध्यरात्रीपर्यंत धडधडणाऱ्या संगीताला आळा घातलाच पाहिजे. पण वर्षातून एका रात्री होणारे गावचे नाटक आणि हे संगीत यांना एकाच तागडीत घालणे शहाणपणाचे नाही.

कारण या गावांनी शांततेची किंमत आधीच मोजलेली आहे. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, ११६ चौरस किलोमीटरांचे. अंधारी अभयारण्य १९८६ चे. पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. या विस्तारात बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे उठली. ताडोबा तलावाकाठच्या तारू देवाची पौषातली जत्रा आकसली. वाघाला निवांतपणा हवा, असे या लोकांना सांगण्यात आले, आणि त्यात असत्य काही नव्हते. परंतु ज्या निवांतपणासाठी त्यांची चूल हलवली, तो निवांतपणा इतरांच्या वाहनांसाठी सैल सोडणे हा त्यांच्याशी केलेला वचनभंग ठरतो.

आणि सैल सोडला जातो तो गाभा क्षेत्राच्या बाहेर. वाघाला नकाशावरच्या रेषा ठाऊक नसतात. ब्रह्मपुरी वनविभागात, जो व्याघ्र प्रकल्प नाही, वाघांची वस्ती दाट आहे. तेथून आणि ताडोबातून ते वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत, दक्षिणेस कन्हाळगावकडे आणि पुढे तेलंगणात जातात. या वाटा चंद्रपूर–मूल मार्ग ओलांडतात. लोहारा, घंटाचौकी, चिचपल्ली, केळझर या टापूतील दाट जंगलातून गुळगुळीत रस्ता गेला आहे आणि त्यावर वाहने भरधाव जातात. त्याला समांतर गोंदिया–बल्लारशा रेल्वे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्ली परिसरात याच लोहमार्गावर वाघाचे तीन बछडे एकाच वेळी मरण पावले. हा मार्ग किंवा हा लोहमार्ग गाभा क्षेत्रात नाही. म्हणून न्यायालयाची रात्रीची बंदी त्यांना आपोआप लागू होत नाही. जिप्सीला प्रत्येक वळणावर नियम आहे, मूलच्या रस्त्यावरील मालमोटारीला जवळजवळ नाही.

गडचिरोलीचे चित्र याहून गंभीर आहे. सूरजागडचे लोहखनिज २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले. एटापल्लीहून आलापल्लीमार्गे आष्टीकडे जाणारा रस्ता एके काळी सागवानाच्या सावलीतला निर्जन रस्ता म्हणून ओळखला जाई. तो खनिजाच्या अवजड वाहनांचा मार्ग झाला. रस्ते उखडले, धुळीने शेते माखली, अपघातांत माणसे गेली, आंदोलने झाली. खनिज नळातून वाहून नेण्याची व्यवस्था उभी राहिली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण सर्व माल तिच्यातून जात नाही. हा भाग व्याघ्र प्रकल्पात नसल्याने येथे शांतता क्षेत्राचा प्रश्नच उद्भवत नाही, असे उत्तर कागदोपत्री बिनचूक आहे. सायकलवरून शाळेला निघालेल्या मुलीच्या मागून येणाऱ्या मालमोटारीला मात्र ते उत्तर अडवत नाही.

वेग आणि आवाज हे वस्तुतः दोन प्रश्न नाहीत. वाहनाचा वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थीही सांगेल. रात्री खालच्या झोतात दिसणारे अंतर मर्यादित असते. त्यापेक्षा थांबण्याचे अंतर मोठे झाले, की समोर चितळ येवो वा सायकलस्वार, चालकाच्या हाती काही उरत नाही. तसेच मोटारगाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरांच्या आसपास गेला की इंजिनापेक्षा टायरांचा आवाज वरचढ होतो. म्हणजे वेग आवरला की आवाज आपोआप उतरतो, आणि त्यासाठी ध्वनिमापकाची गरज नाही. दोन चौक्यांमधील वेळ नोंदवणारे घड्याळ पुरते. चिचपल्लीला नोंद झालेले वाहन मूलच्या अलीकडे किती मिनिटांत पोचले, यावरून त्याचा सरासरी वेग निघतो. येथे सरासरी उपयोगी पडते, हा एक मौजेचा विरोधाभास.

हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात तळी गोठतात आणि त्यांवरून स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारी, सुसाट जातात. मिनेसोटा राज्याने त्यांना सार्वजनिक भूमीवर व गोठलेल्या जलाशयांवर ताशी ५० मैलांची मर्यादा घातली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात २००० च्या सुमारास त्यांच्यावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला, पुढच्या सरकारने तो फिरवला, दोन्ही बाजू न्यायालयात गेल्या. अखेर २०१३ मध्ये ठरले ते असे की, दिवसाला किती फेऱ्या हे निश्चित असावे आणि आवाजाच्या कसोटीला उतरलेल्या यंत्रांनाच उद्यानात आत सोडावे. दशकभराच्या भांडणातून निघालेला हा मार्ग आपल्याला सहज घेता येईल: नियम माणसाला न लावता यंत्राला लावायचा. जिप्सीची दरवर्षी आवाजाची तपासणी, अनुत्तीर्ण गाडीला दारातून प्रवेश नाही, आणि वीजेवर चालणारी गाडी घेण्यास प्रवेशशुल्कातून स्थानिक चालकाला अर्थसाहाय्य.

रस्त्यांसाठी देशातच उदाहरण आहे. कर्नाटकात बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे, आणि ती मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाखाली आहे. त्या कलमाचा अधिकार चंद्रपूर आणि गडचिरोलीतही वापरता येतो. त्याला व्याघ्र प्रकल्पाची हद्द लागत नाही. मूल मार्गावर संपूर्ण रात्रबंदी मात्र अन्यायाची होईल. गडचिरोलीहून रुग्णाला चंद्रपूर गाठायचे तर हाच रस्ता आहे, आणि वैनगंगेकडच्या गावांना दुसरा सोयीचा मार्ग नाही. रुग्णवाहिका, एस. टी. आणि स्थानिकांची वाहने मोकळी ठेवून अवजड मालवाहतूक रात्री थांबवणे, उरलेल्यांना जंगलाच्या टापूत वेगाची कडक मर्यादा घालणे, हे मधले धोरण शक्य आहे. रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय निघेल तेव्हा पेंचजवळील राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ चा दाखला द्यावा. तेथे प्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग ठेवले, त्यांतला एक ७५० मीटर लांबीचा आहे, आणि आवाज व उजेड अडवणाऱ्या भिंतीही उभारल्या. तो खर्च झाला तो न्यायालयाच्या रेट्यामुळे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

खनिजवाहतूकदार म्हणतील की रात्र बंद केली तर दिवसा रस्ते तुंबतील. हा आक्षेप खोटा नाही. त्याचे उत्तर आलापल्ली मार्गावर शाळेच्या वेळा सोडून मालमोटारींना ठरावीक तासांत, ठरावीक अंतराने, तांड्याने सोडण्यात आहे. त्याने मालाचा खर्च काही वाढेल. तो आजवर एटापल्ली आणि अहेरीच्या लोकांनी भरला आहे, खाणवाल्यांच्या हिशेबवहीत तो कधी आलेला नाही.

शांतता क्षेत्राची अधिसूचना काढणे तुलनेने सोपे आहे; तिच्यासोबत मूल, आलापल्ली आणि मोहर्ली या तीन मार्गांच्या वेगाचा आदेश एकाच दिवशी निघतो की नाही, ते पाहावे. पहिली गोष्ट झाली आणि दुसरी राहिली, तर येत्या हिवाळ्यात एखाद्या गावातील नाटकाचा कर्णा जप्त होईल, आणि त्याच रात्री दोन कोसांवरून खनिजाच्या वा कोळशाच्या मालमोटारी नेहमीच्या वेगाने जात राहतील.