वाडी, विहीर आणि आत्याची सही

एकत्र कुटुंब म्हटलं की आमच्या पिढीचे डोळे उगाचच पाणावतात. वन बीएचकेचा ईएमआय भरणारा, डबा बाहेरून मागवणारा आणि पोराला पाळणाघरात टाकून धावत गाडी पकडणारा माणूस तर या विषयावर हमखास हळवा होतो. 'पूर्वी एका घरात वीस-वीस माणसं राहायची आणि कधी भांडण नाही!' असा फॉरवर्ड महिन्यातून एकदा तरी येतोच. पाठवणाऱ्याला विचारावंसं वाटतं, बाबा रे, त्या वीस माणसांच्या भाकऱ्या कोण थापत होतं? आणि जमिनीच्या कागदावर त्यांतली किती नावं होती?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आज त्यावरच लिहायचंय.

मी पामचा. आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात जमिनी गेल्या त्या एमआयडीसीसाठी आणि अणुवीज केंद्रासाठी. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, आणि पुढे तिसऱ्या-चौथ्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावंच्या गावं उठली. सरकार जमीन घेतं तेव्हा निदान भांडायला कोणीतरी समोर असतं. मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येतं. पण त्याच पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वसईत, वाड्या जाताहेत त्या घरातल्या घरात. जेवणाच्या टेबलावर, सह्या करून. तिथे भांडणार कोणाशी?

वसईतला एक ख्रिस्ती मित्र माझ्या कॉलेजचा. नाव नको, त्याला आवडणार नाही. नंदाखाल-निर्मळ-भुईगाव या पट्ट्यात त्यांची वाडी आहे. २०१३ मध्ये डहाणू लोकल सुरू झाली आणि बोईसरहून थेट विरार गाठणं सोपं झालं, तेव्हापासून माझं त्यांच्याकडे जाणं-येणं वाढलं. घरात आजी, तिचे तीन मुलगे, तीन सुना, नातवंडं, एक नातसून आणि एक पणती. मोजली तर सतरा माणसं. हे लोक सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे 'कुपारी'. घरात सामवेदी बोली, जिला कादोडीही म्हणतात. चर्चमध्ये मिस्सा मराठीत, आणि नातवंडं आपापसांत इंग्रजी-हिंदीची भेळ. (पणती सध्या फक्त युट्यूबची भाषा बोलते.)

या घराचा दिवस बघण्यासारखा असतो. उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कळ्या उजाडायच्या आत खुडाव्या लागतात, कारण दादरच्या फुलबाजारात उमललेल्या मोगऱ्याला भाव नाही. त्यामुळे चर्चची पहिली घंटा होते तेव्हा दोन काकू वाडीत वाकलेल्या असतात. मोगरा संपला की सोनचाफा, जास्वंद. मग केळी, पानवेल, भाजी. धाकटा काका टोपल्या घेऊन स्टेशन गाठतो, मोठा काका पाणी सोडतो, मधला बँकेत कामाला जातो. त्याचा पगार म्हणजे अनेक वर्षं या घराचा एकमेव रोख भरवसा होता. स्वयंपाकघरात एक मोठं पातेलं भाताचं आणि एक कालवणाचं कायम. कोणी कधीही जेवतो. पण मासळी कोणाला किती, हे आजी ठरवते, आणि त्यावर अपील नाही.

सुकेळीचा उद्योग तर मी डोळ्यांनी पाहिलाय. पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात मांडायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी परत मांडायची. असं कित्येक दिवस. आभाळ आलं की सगळं घर अंगणात धावतं. शेवटी सुकलेल्या केळीच्या पानात घट्ट बांधायची. इतक्या खटपटीनंतर जो भाव मिळतो तो ऐकून मी मनातल्या मनात ताशी दर काढला होता. तो इथे लिहीत नाही, आमच्या कंपनीतल्या इंटर्नलाही रडू येईल.

संध्याकाळी रोझरी. टीव्ही बंद. आजी सुरू करते, बाकीचे उत्तर देतात, आणि तिसऱ्या रहस्यापर्यंत एखादं पोर भिंतीला टेकून झोपलेलं असतं. मी हिंदू घरातला. पण ती वीस मिनिटं मला आमच्या घरच्या शुभंकरोतीसारखीच वाटतात. दिवसभर एकमेकांशी न बोललेल्या दोन जावाही तिथे शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

आता कोणी म्हणेल, बघ, हीच ती एकी! मला नाही वाटत. म्हणजे एकी आहे, नक्की आहे. पण सतरा माणसांना धरून ठेवलं होतं ते मुख्यतः विहिरीनं. वाडी चार ठिकाणी वाटता येते, पण विहीर वाटता येत नाही. पूर्वी रहाट होता, मग पंप आला. पाळी लावून पाणी घ्यायचं तर एकमेकांशी बोलावंच लागतं. विहिरीला पाणी येतं बावखलामुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बावखल म्हणजे वाड्यांच्या मधोमध असलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि समुद्र एवढा जवळ असूनही विहिरी गोड ठेवतं. वसईत अशी बावखलं गावोगाव होती. त्यांतली बरीच बुजवली गेली. त्यात १९८० च्या दशकात विहिरींचं पाणी टँकरने बाहेर विकायचा धंदा फोफावला. उपसा वाढला की गोड पाण्याच्या जागी खारं शिरतं, हे सांगायला भूजलतज्ज्ञ लागत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची हरित वसईची चळवळ याच काळातली. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला त्यांचं नाव कळलं. पण वसईकर त्यांना आधी ओळखत होते ते पाण्याच्या आणि जमिनीच्या लढ्यासाठी. २०२४ मध्ये ते गेले. २०१८ च्या जुलैत वसईत दिवसेंदिवस पाणी तुंबलं होतं, तेव्हा बुजवलेल्या बावखलांची आठवण बऱ्याच जणांना झाली. महिनाभर टिकली असेल.

असो. मुद्दा सहीचा.

मित्राचे आजोबा मृत्युपत्र न करता गेले. वारस नोंदीला तलाठ्याकडे अर्ज गेला. आजी, तीन मुलगे आणि तीन मुली. हो, तीन आत्या आहेत, ज्या मघाच्या सतरा माणसांत मोजल्याच गेल्या नाहीत, कारण त्या 'दिलेल्या' आहेत. एक सिस्टर झाली, कॉन्व्हेंटमध्ये असते. दुसरी शेजारच्याच गावात. तिसरी, थोरली, नवरा लवकर गेला म्हणून मुलाबरोबर नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहते. काकांनी नोंदीबरोबरच हक्कसोड पत्राचा मसुदाही तयार ठेवला होता. त्यात वेगळं काही नव्हतं. त्यांच्या आत्यांनीही अशाच सह्या केल्या होत्या. गावात सगळ्याच करतात.

आपल्याकडे असा समज आहे की मुलीला वाटा हे प्रकरण अलीकडचं. हिंदूंसाठी ते बऱ्याच अंशी खरंही आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलासारखा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला आणि देशभर २००५ मध्ये. पण ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. तो सरळ सांगतो: माणूस मृत्युपत्राविना गेला आणि मागे बायको-मुलं असतील, तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना समान. मुलगा-मुलगी हा फरकच नाही. हीच दिशा त्याआधीच्या १८६५ च्या कायद्यातही होती. आणखी एक गंमत. मार्च आला की आमच्या ऑफिसात एचयूएफचं वेगळं पॅनकार्ड काढून टॅक्स कसा वाचवावा यावर प्रवचनं झडतात. ही सोय ख्रिस्ती कुटुंबाला नाही, कारण कायद्याच्या लेखी 'अविभक्त ख्रिस्ती कुटुंब' नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. म्हणजे सतरा माणसांचं ते घर भावनेनं एकत्र, विहिरीनं एकत्र, पण कायद्याच्या नजरेत स्वतंत्र वाटेकऱ्यांचा समूह. दीडशे वर्षं कायदा बहिणींच्या बाजूनं उभा आहे आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, काही शे रुपयांच्या स्टँपवर, तो सोडून दिला जातोय.

गोव्यात असं होत नाही. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. आईबापांना मुलांपैकी कोणाला सहसा पूर्ण वगळताच येत नाही, मिळकतीचा अर्धा भाग वारसांसाठी राखीवच. वसईतही पोर्तुगीज दोनशे वर्षं होते. पण चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये त्यांना घालवलं, म्हणजे ती संहिता यायच्या बरंच आधी. त्यामुळे पोर्तुगिजांकडून वसईला धर्म मिळाला, आडनावं मिळाली, वारसा कायदा मात्र इंग्रजांचा. गोव्याचं मॉडेल निर्दोष आहे असंही नाही. एकेका घराला इतके वारस की निम्मे लिस्बन-लंडनमध्ये, सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत, आणि मोठमोठी घरं कुलुपात कुजतात. मित्राच्या काकांनी हेच उदाहरण तोंडावर फेकलं. 'वाटे करत बसलो तर वाडी राहील का?'

त्यांचा प्रश्न खोटा नाही. वाडी कसणाऱ्याच्या हातात एकसंध राहिली तरच ती वाडी. सहा तुकडे झाले की पाण्याची पाळी मोडते, आणि एकाने विकलं की त्या तुकड्यावर भिंत येते. शिवाय भावांनी बहिणींच्या लग्नांचं कर्ज फेडलंय, आजीला सांभाळलंय, पहाटे उठून फुलं खुडलीत. (बरोबर सांगायचं तर काकूंनी खुडलीत.) जोवर वाडीचं उत्पन्न म्हणजे मोगरा आणि केळी, तोवर बहिणीनं सोडलेला हक्क हा भावाच्या कष्टाला दिलेला होकार होता. तो मला समजतो. त्या काळात वाटा मागून तिला मिळालं काय असतं? वर्षाला चार टोपल्या केळी आणि तुटलेलं माहेर.

पण आज वाडीची किंमत मोगऱ्यावर ठरत नाही, गुंठ्यावर ठरते. मित्राच्या घरी हक्कसोडीचा मसुदा ज्या आठवड्यात आला त्याच महिन्यात रस्त्याकडच्या पट्ट्यासाठी बिल्डरचा माणूसही दोनदा येऊन गेला होता. इथेच माझा आक्षेप आहे. 'वाडी टिकावी' म्हणून सही घ्यायची आणि नंतर वाडी विकायची, हा एकाच कागदाचा दुहेरी वापर झाला. सोडला तो कसण्याचा हक्क, आणि गेले ते विक्रीचे पैसे! नालासोपाऱ्यात भाडं भरणारी बाई सही करते तेव्हा ती नेमकं काय सोडतेय हे तिला टेबलावर कोणी सांगत नाही. सांगायची गरजही वाटत नाही, कारण प्रथा आहे.

माझं म्हणणं साधं आहे, आणि मित्राला ते मी तसंच सांगितलं. सरसकट हक्कसोड घेऊ नका. नावं सगळ्यांची लावा, सहाही भावंडांची आणि आजीचं. वाडी कसायला तिघा भावांकडे राहू दे, उत्पन्नही त्यांचंच. आत्यांनी त्यावर हक्क सांगायचा नाही, हे हवं तर लिहून घ्या. पण यातला एक गुंठा जरी विकला तर पैसे कायद्यानं ठरवलेल्या वाट्यानं. चांगल्या वकिलाकडून कौटुंबिक करार करून घ्या आणि तो नोंदवा. यात वाडीला उलट संरक्षणच आहे, कारण विकायला सगळ्यांच्या सह्या लागणार म्हटल्यावर बिल्डरचा माणूस सहज चहाला बसणार नाही. आमच्या भाषेत, एकाच माणसाच्या सहीवर अख्खी सिस्टिम झोपते ती अवस्था तरी टळेल.

'माहेर तुटेल' हा शेवटचा बाण असतो. तो धाकट्या काकांनी मारलाच. खरं सांगायचं तर तो बहुतेक वेळा कामही करतो. दुसऱ्या आत्यानं त्यावरच सही करते म्हणून सांगितलं. सिस्टर आत्याचा प्रश्न नव्हता, तिनं गरिबीचं व्रत घेतलंय, तिला वाटा नकोच होता. गंमत म्हणजे तिनंच फोनवर भावांना सुनावलं म्हणे, की व्रत मी घेतलंय, थोरलीनं नाही! बहिणीनं वाटा मागितल्यावर जे माहेर तुटतं, ते सही केल्यावर किती टिकतं, हेही एकदा कोणीतरी मोजायला हवं. पाच वर्षांनी वाडीच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली तर ती सणाला यायची कुठे? तिसऱ्या मजल्यावर, पाहुणी म्हणून?

थोरल्या आत्यानं अजून सही केलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा ती आली होती, सुकेळी बांधायला. बांधता बांधता तिनं विचारलं, "तू कॉम्प्युटरवाला ना रे, सातबारा बघून सांग, बावखल कोणाच्या नावावर येतं?" आम्ही उतारा मोबाईलवर उघडला. गट नंबर होता, क्षेत्र होतं, आजोबांचं नाव होतं. तळ्याचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यांच्या क्षेत्रात ते कोरडी जमीन म्हणूनच मोजलेलं होतं. "म्हणजे बुजवलं तर कागदावर काहीच बदलणार नाही?" आत्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही. ती पुढचं केळं पानात गुंडाळायला लागली, आणि म्हणाली की वकिलाकडे जायचं झालं तर शनिवारी जाऊ, तेव्हा मुलाला सुट्टी असते.