बिनपावतीची नाव

पलसाण्यास आमच्या परिचयाच्या एका तरुणाने घरच्या ओसरीवर लाकडी कयाक बांधावयास घेतली आहे. कयाक म्हणजे दोन्ही टोकांस पाते असलेल्या वल्ह्याने एकट्याने हाकावयाची, वरून झाकलेली अरुंद होडी. त्रिपुरी पौर्णिमेस तीत बसून पाण्यावर दिवे सोडावेत, असा त्याचा मानस. हेतू सुंदर आहे. परंतु लाकूड आणण्याची वेळ आली तेव्हा त्याला जे सल्ले मिळाले, ते ऐकून आम्हांस लेखणी उचलणे भाग पडले. एका दलालाने सांगितले, डांगचा साग रात्री घरपोच येईल, भाव निम्मा. पावती मात्र मागावयाची नाही. आणि नित्यनेमाने देवळात येणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी त्यावर धर्माची मोहोर उठविली : "देवाच्या कामाला पावती कशाला?"

हा प्रश्न एका ओसरीपुरता नाही, म्हणून आम्ही तो सर्वांसमोर मांडतो. कुंभारजुव्यास गणेशविसर्जनाच्या वेळी दोन होड्या एकत्र बांधून सांगोड निघतो. साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरीच्या रात्री वाळवंटीत हौसेने घडविलेल्या नौका तरंगतात. आमच्या देवळांचे रथ, पालख्या आणि सभामंडपांचे खांब लाकडाचेच. देवाच्या नावावर आलेले लाकूड कोठून आले हे विचारू नये, असा संकेत एकदा रूढ झाला, तर देऊळ हेच चोरीच्या मालाचे सर्वांत सुरक्षित कोठार ठरेल.

परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी परंपरा तरी नीट वाचावी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या राजनीतिग्रंथात, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा स्वतंत्र विचार आहे. अरण्यातील साग तोडावयाचा तर हुजूरची परवानगी घ्यावी. अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा व फणस आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण त्यांस हात लावू देऊ नये. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तरच धन्याला राजी करून आणि मोल देऊन ते न्यावे. शत्रू समुद्रावर उभा असतानाही ज्या राज्याने ही मर्यादा मानली, त्याचे वारस म्हणविणाऱ्यांना हौसेच्या होडीसाठी ती मोडावीशी वाटावी, याला काय म्हणावे?

आता कायद्याकडे वळू. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या ४१व्या कलमाने लाकडाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्यशासनास दिला आहे. वाहतुकीचा पास मागितला जातो तो याच आधारावर. ६९वे कलम त्याहून कडक आहे. या कायद्याखालील कारवाईत वनोपज सरकारचे की खासगी असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानले जाते. म्हणजे "माल माझाच आहे" हे दाखविण्याचा भार तुमच्यावर पडतो, आणि तो पेलावयास कागदच लागतो. जप्तीच्या ५२व्या कलमात तर हत्यारे, गाडे व गुरे यांच्या जोडीला होड्यांचेही नाव आहे! पावती मागण्यात श्रद्धेचा अपमान नाही. पावती म्हणजे ज्याचे होते त्याने राजीखुशीने दिले, याची साक्ष. देवापुढे ठेवावयाच्या वस्तूला ही साक्ष नको, असे म्हणणाऱ्यांनी देवाला काय समजले आहे?

सागाचा आग्रह धरणारे म्हणतात, जहाज म्हणजे साग. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. १७३६ साली सुरतेहून मुंबईस गेलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने सागाचीच जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. हा आमचा पलसाणा तालुकाही १९४९पर्यंत बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होता, आणि डांगचे लाकूड गायकवाडांच्या वघई–बिलिमोरा छोट्या रेल्वेने उतरत असे. पण ते लाकूड तोफा वाहणाऱ्या जहाजांचे, घरांच्या तुळयांचे. कयाक खांद्यावरून पाण्यापर्यंत न्यावयाची असते. साग घनमीटरला सुमारे ६५० किलो भरतो. अर्धा इंची सागवानी फळ्यांची कयाक दोघांनाही उचलावयास जड जाईल. भोजराजाच्या नावावरील 'युक्तिकल्पतरू'त नौकेच्या लाकडाचे चार वर्ण सांगितले आहेत. ती वर्णनामे आज आम्हांस रुचत नाहीत. परंतु त्यांमागील कसोटी हलके की जड, मऊ की कठीण एवढीच आहे, आणि हलक्या व कठीण लाकडाला तेथे श्रेय दिले आहे. शिवाय मूळची कयाक ज्या इनुइट लोकांची, त्यांच्या प्रदेशात अरण्येच नाहीत. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेल्या लाकडाचा सांगाडा करून त्यावर ते सीलचे कातडे ताणीत. ज्यांना वनच नव्हते त्यांनी होडी साधली. आम्हांला मात्र चोरीच्या सागावाचून ती साधत नाही!

मग करावे काय? उपाय हाताशी आहेत. चार मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायवुडचे तीन-चार तक्ते घ्यावेत. त्यांवर आयएस ७१० हे मानक आणि परवाना क्रमांक पाहावा. केवळ छापावर मात्र विसंबू नये. या मानकाच्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळतात. आपण घरी एक पट्टी दिवसभर उकळली आणि तिचे थर सुटले, तर छाप खोटा समजावा. कडेला पोकळ्या दिसल्या तरी तक्ता परत करावा. कापलेल्या पट्ट्यांच्या कडांना भोके पाडून त्या तांब्याच्या तारेने शिवाव्यात, सांध्यांत इपॉक्सी राळ भरावी, वर काचतंतूंचे कापड चढवावे. राळ हाताळताना हातमोजे घालावेत आणि शेवटी उन्हापासून रक्षणासाठी वार्निश द्यावे. इपॉक्सी तर वलसाडजवळ अतुल येथेच बनते. आतील काठ्यांसाठी आयात पाइन कंडला–गांधीधामच्या बाजारातून बिलासह येतो. सागच हवा असेल, तर वनखात्याच्या डेपोतील लिलावाचा किंवा जुन्या वाड्याच्या तुळया धन्याकडून लेखी विकत घेतलेल्या, असा घ्यावा. शिवलेली नाव आम्हांला परकी नाही. काथ्याने फळ्या शिवून गोव्यात बांधलेली 'कौंडिण्य' मे २०२५मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाली.

सरळ मार्ग लांबचा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. डेपोतील लिलाव मोठ्या व्यापाऱ्यांच्या सोयीचे असतात. दोन फळ्यांच्या गिऱ्हाइकाला तेथे कोणी विचारीत नाही. हा दोष खराच, आणि किरकोळ खरेदीची सोय मागावयाची तर देवस्थानांनी एकत्र येऊन मागावी; त्यांचा शब्द ऐकला जातो. पण खिडकीवर रांग लांब आहे म्हणून भिंतीला भोक पाडण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. डांगच्या अरण्यात ज्याच्या हाती कुऱ्हाड दिली जाते तो गरीब आदिवासी पकडला जातो. निम्म्या भावात साग घेणारा भाविक दिवे सोडीत उभा राहतो. या व्यवहारातील खरे पाप येथे आहे.

त्या तरुणाने दलालाला परत पाठविले. त्याची कयाक या त्रिपुरीला तयार होणार नाही, पुढच्या होईल. आमच्या मते देवाला त्याची घाई नाही. देवस्थानांच्या समित्यांना आमची एवढीच विनंती, की लाकूड दान म्हणून आले तरी देणगीच्या वहीत दात्याच्या नावाशेजारी एक रकाना वाढवावा : 'माल कोठला, कागद कोणता'. हा रकाना भरण्यास जो कचरेल, त्याचे लाकूड आदराने परत करावे.